पाहुण्यांची वाट पाहणारी बादली

बादलीतून धूर निघायला लागला तेव्हा त्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि दार बाहेरून लावलेलं होतं.

धूर आधी पांढरा होता, मग पिवळा झाला. पुढं त्याचा रंग बघायला कुणाचे डोळे उघडे राहिले नाहीत. बादलीखाली चूल नव्हती, शेगडी नव्हती, विजेची वायरसुद्धा नव्हती. ती आपली आपणच तापत होती. खोली नवीकोरी, भिंतीच्या रंगाचा वास अजून गेलेला नव्हता. धूर बाहेर फेकायचा पंखा होता, पण त्याच्या तोंडावर बाहेरून आमच्या कारखान्याच्या मालकांचा, म्हणजे शेठचा, फोटो असलेला फ्लेक्स ताणून बांधला होता. मागं शटर होतं, तर त्याला टेकून बाहेर स्टेज उभं केलं होतं. पुढचं दार काचेचं. काचेपलीकडं लाल रिबन, रिबनपलीकडं शेठ, आणि शेठ आमच्याकडं पाठ करून गेटकडं बघत उभे, कारण पाहुणे आता येतीलच असं ते सकाळपासून म्हणत होते.

मेघना दोन्ही हातांनी काच बडवत होती. भास्कर खोकून खोकून वाकला होता. मी ओरडले, "शेठ! दार उघडा!"

शेठ वळले. आमच्याकडं बघून हसले आणि दोन बोटं वर केली. दोन मिनिटं.

ही बादली कसली ते आता सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही स्फोटकं बनवत होतो.

मी चाकणजवळच्या महाळुंग्याची. शाळा चौथीपर्यंत. आमची जमीन कंपन्यांत गेली, घरातल्या पुरुषांनी टेम्पो घेतले, खोल्या बांधल्या आणि भाडं खात पारावर बसले. मला बसवेना. आमच्याच शिवारात उभ्या राहिलेल्या कारखान्यात मी कामाला लागले. जिथं आमची ज्वारी व्हायची तिथं पुढं आमची टेस्टिंगची लॅब झाली. लोक विचारतात, वाईट नाही का वाटलं? नाही वाटलं. ज्वारी खुरपताना डोक्यावर ऊन होतं, इथं पंखा होता.

कारखाना काळ्या पट्ट्या आणि काळे बुश, म्हणजे नळीसारखे गोल तुकडे, बनवायचा. मशीनचा एक भाग दुसऱ्या भागावर सरकतो तिथं त्या बसवतात, म्हणजे तेल न घालताही घासत नाही. बनवायची रीत ऐकायला सोपी. रेझिन म्हणजे मधासारखी घट्ट राळ. तिच्यात ग्राफाइटची पूड, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतं तेच काळं. ते दोन्ही घोटायचं. शेवटी हार्डनर घालायचा. हार्डनर पडला की घड्याळ सुरू झालं. साच्यात ओतायचं, गोठू द्यायचं, काढायचं.

घोटणं हे खरं काम. ज्यानं पिठलं केलंय त्याला सांगायला नको. नीट घोटलं नाही तर गुठळ्या होतात, आणि ग्राफाइटची गुठळी असली की पट्टी तिथूनच मोडते. घोटून नुसतं ठेवलं तर ग्राफाइट तळाला बसतं. मग एकाच पट्टीचं खालचं अंग काळंभोर आणि ठिसूळ, वरचं अंग कडक पण खरखरीत. आणि हवा आत राहिली तर बुडबुडे.

हे सगळं बघायचं काम मेघनाचं आणि तिच्या हाताखाली माझं. मेघना ताथवड्याच्या कॉलेजातून शिकून आलेली इंजिनियर. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणायची, एरवी पोरी. ती मला मावशी म्हणायची, पण मला तर अख्खी कंपनी मावशी म्हणायची. मी पट्टीचा तुकडा कापायचा, आधी खरबरीत पॉलिश पेपरवर, मग बारीक पेपरवर, शेवटी फिरत्या मखमलीवर घासायचा, आरशासारखा होईपर्यंत. तो मेघना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. पहिल्यांदा तिनं मला बघायला लावलं तेव्हा राखाडी मैदानावर काळे पापुद्रे दिसले, वाऱ्यानं पांगलेल्या पाल्यासारखे. "सगळे सारखे पांगलेत ना मावशी, म्हणजे भास्करनं मन लावून घोटलंय," ती म्हणाली. भास्कर म्हणजे आमचा मिक्सिंगवाला, बीडकडचा.

मग मोडणं. मधे बारीक, दोन्ही टोकांना रुंद अशी पट्टी मशीनच्या जबड्यात धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. संगणकावर रेघ चढत जाते आणि टक् करून पट्टी तुटली की खाली पडते. किती जोरात तुटली तो आकडा म्हणजे तिची ताकद. दुसऱ्या मशीनवर दोन टेकूंवर ठेवून मधे दाबून मोडायची. माझ्या नोकरीचा बराचसा काळ चांगल्या वस्तू मोडण्यात गेला. सासूबाई म्हणायच्या, "घरी कपबशी फुटली तर बोलणी खाती आन् तिथं मोडायचा पगार घेती."

हे मोडणं गिऱ्हाइकांना सोसायचं नाही. एक गिऱ्हाईक मशीनसमोर खुर्ची टाकून बसलं होतं. रेघ छान चढत होती. ते एकदम उठलं. "थांबवा, थांबवा! चांगला पीस आहे, कशाला तोडता?"

मेघना म्हणाली, "सर, तोडल्याशिवाय ताकद कळत नाही."

"अंदाजे सांगा ना. आमचा विश्वास आहे तुमच्यावर."

दुसऱ्या एकाला पट्ट्या पांढऱ्या हव्या होत्या. त्यांच्या कारखान्यात सगळ्या मशीनना पांढरा रंग होता आणि वरचे साहेब परदेशातून येणार होते. ग्राफाइट काळंच असतं हे ऐकून ते इतके नाराज झाले, की जणू ते आम्हीच काळं केलंय. शेठनी त्यांना चहा पाजला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, वरून चुना नाही का मारता येणार?" मी म्हटलं, "मारते की. सरकायचं मात्र बंद हुईल." शेठ विचारात पडले. नाही म्हणाले असं नाही.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त सगळं फोटोत कसं दिसेल याची काळजी असायची. म्हणूनच नवी मिक्सिंगची खोली. जुन्या शेडमध्ये आम्ही छोट्या डब्यांत घोटायचो, लगेच ओतायचो. त्यामागं कारण होतं. हार्डनर पडला की राळ आतून गरम होते. थोडी असली, पसरलेली असली, तर ऊब निघून जाते. एका जागी ढीग असला तर ऊब आतच राहते. तिनं राळ आणखी तापते, तापली की आणखी पेटून उठते. आमच्याकडं हे भिंतीवर लिहिलेलं होतं. भास्करला पाठ होतं. शेठलासुद्धा पाठ होतं, गिऱ्हाइकांना तेच सांगायचे.

पण उद्घाटनाला पाहुणे म्हणून एका बड्या गाडी कंपनीचे खरेदीचे मोठे साहेब येणार होते. साहेबांच्या हातून पहिलं मिश्रण साच्यात ओतायचं, असं शेठच्या मनात आलं.

"डब्यानं ओतणार का साहेब?" शेठ म्हणाले. "बादली भरा. फोटोत भरलेली बादली दिसली पाहिजे."

मेघना म्हणाली, "सर, भरलेली बादली ठेवून चालणार नाही. ती लगेच ओतावी लागेल."

"साहेब निघालेत. मोशीपर्यंत आलेत. तुम्ही हार्डनर घालून घ्या, म्हणजे ते आले की थेट ओतायचं."

"आल्यावर घालते."

"आणि मग काय साहेबांना घोटताना बघत उभं करू? मॅडम, तुम्ही जरा बाहेर या. गुच्छाचा कागद वाकडा झालाय, तो बघा."

तर आमची इंजिनियर गुच्छाचा कागद सरळ करायला गेली. मी खाली बसून साचे पुसत होते. भास्करनं काट्यावर तोलून हार्डनर ओतला आणि घोटायला लागला. तो ओतताना बघणारं कुणी नव्हतं, हे लक्षात ठेवा. पुढं त्याच्यावरूनच सगळं झालं.

सकाळी त्या खोलीत पूजा झाली होती, म्हणून बूट बाहेर. सेफ्टी शूजची ओळ दाराबाहेर, 'सुरक्षा प्रथम' लिहिलेल्या पाटीखाली, आणि आम्ही अनवाणी. मेघना परत आत आली. मग शेठ वॉचमनला म्हणाले, "बाहेरून लाव रे, नाहीतर सगळे बघायला आत घुसतील, फरशीवर पाय उमटतील." वॉचमननं कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन तो पाहुण्यांना सलाम ठोकायला गेटवर गेला.

साहेब चाकणच्या चौकात अडकले. ज्यानं तो चौक बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. शेठ फोन लावायचे आणि काचेतून आम्हाला खूण करायचे, निघाले, निघाले.

आमच्याकडं एक शिस्त होती. कुठल्याही बादलीतलं थोडं मिश्रण आधी टेस्टच्या पट्ट्यांच्या साच्यात ओतायचं. मी त्यांना साक्षीच्या पट्ट्या म्हणायची. उद्घाटन असो नाहीतर लग्न असो, सवयीनं मी पळीभर काढून त्या ओतल्या आणि साचा लॅबकडं उघडणाऱ्या, नुसता साचा जाईल एवढ्याच खिडकीत सरकवला.

"मावशी, चटके बसायलेत की हो," भास्कर म्हणाला. तो बादलीला मांडी लावून घोटत होता.

मेघनानं बादलीला हात लावला आणि काढून घेतला. "ओता. साच्यात ओता सगळं. साहेब गेले खड्ड्यात."

पण घट्ट झालं होतं. बादली कलती केली तर एक गोळा हलला, बाहेर आला नाही. आणि मग तो पहिला पांढरा धूर.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच. शेठनी दोन बोटं दाखवली, आणि मग त्यांना काचेआड धूर दिसला. त्यांचं तोंड उघडलं. ते वॉचमनच्या नावानं ओरडत गेटकडं पळाले.

बादली होती रेझिन आणि हार्डनरच्या पिंपांशेजारी. पिंपं पेटली असती तर मी हे लिहायला राहिले नसते. भास्करच्या ते आमच्याआधी ध्यानात आलं. "पिंपं, मावशी, पिंपं!" म्हणून त्यानं कडी धरून बादली उचलली, लांबच्या कोपऱ्याकडं न्यायला. बादली प्लास्टिकची. ती आतून मऊ झाली होती. चार पावलं गेला असेल, तळ सुटला आणि ते उकळतं काळं त्याच्या उघड्या पायावर पडलं आणि चिकटलं.

तो आवाज मी सांगत नाही.

मी पूजेच्या ताटातला नारळ उचलला आणि काचेवर मारला. नारळ फुटला. काच जशीच्या तशी. म्हणजे शुभारंभ तेवढा झाला. मग मी लोखंडी साच्याची तळपाटी घेतली, दोन्ही हातांनी, आणि काचेच्या कोपऱ्यात घातली, कारण मधे मारलं तर काच जोर पसरून घेते, हे मोडून मोडून मला कळलेलं. काच साखरेसारखी कोसळली. माझ्या हातानं मोडलेला तो सगळ्यात मोठा नमुना.

मेघनानं भास्करला काखेत धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. काचेच्या खड्यांवरून अनवाणी आम्ही बाहेर आलो. शेठ धावत परत आले होते. माझ्या छातीला रिबन अडली.

"रिबन..." शेठ म्हणाले. त्यांना पुढं काय म्हणायचं होतं देव जाणे. कदाचित चांगलंच काही असेल. मी ती तोडली आणि म्हटलं, "गाडी आना."

पाहुण्यांसाठी सजवलेली एक गाडी होती, तिच्यातून भास्करला नेलं. पुढं काचेवर झेंडूचा हार, मागच्या सीटवर आम्ही. चाकणच्या चौकात समोरून साहेबांची गाडी येताना दिसली. आमच्या ड्रायव्हरनं सवयीनं हात केला.

भास्करच्या पायाला आणि फुप्फुसांना बरेच दिवस लागले. मी आणि मेघना आळीपाळीनं दवाखान्यात जायचो. एके दिवशी तो भिंतीकडं तोंड करून होता. म्हणाला, "मावशी, शेठचा माणूस आला होता. म्हणला, हार्डनर मीच जास्त टाकला, म्हणून पेटलं. दवाखान्याचं कंपनीकडं मागू नको म्हणला. खरंच टाकला असल का हो मी जास्त?"

"काट्यावर बघितलं न्हवतंस का?"

"बघितलं. पण शेठ घाई करायले होते. आता माझा मलाच भरवसा राहिना."

हे मला आगीपेक्षा वाईट वाटलं. पाय भाजलेला माणूस एकदा बरा होतो. पण आपल्याच हातानं आपण दोघी बायांना जाळायला निघालो होतो, असं त्याच्या डोक्यात बसलं असतं तर तो घोटायलाच काय, चहा करायलाही उभा राहिला नसता.

मी लॅबमध्ये आले आणि मेघनाला सांगितलं. ती उठली. खिडकीकडं गेली. साक्षीच्या पट्ट्यांचा साचा तिथंच होता, वर काजळी धरलेला.

"मावशी, हे त्याच बादलीतलं ना?"

"त्याच. हार्डनर पडल्यावर काढलेलं."

"मग हार्डनर जास्त असेल तर यातही जास्त असेल."

तिनं शेठना आणि त्या दिवशी माल तपासायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या तपासणीसाला बोलावलं. पट्ट्या त्यांच्यासमोर साच्यातून काढल्या. सुबक, गार, काळ्या. हार्डनर जास्त झालेली पट्टी नीट पकत नाही, मशीननं ओढली की लवकर तुटते. पहिली पट्टी जबड्यात धरली. रेघ चढायला लागली. मी आयुष्यात पुष्कळ पट्ट्या मोडल्या, कधी कुणासाठी हात जोडले नव्हते. त्या दिवशी ओच्याआड हात जोडून उभी राहिले. रेघ चढली, नेहमीच्या जागेपर्यंत चढली, तिच्याही थोडी वर गेली आणि टक्.

दुसरी तशीच. तिसरी तशीच.

मग मी तिथल्या तिथं घासून दिलेले दोन तुकडे मेघनानं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. साक्षीच्या पट्टीत पापुद्रे सारखे पांगलेले. बादलीच्या जळक्या ढेकळात अनारशाला पडावी तशी जाळी, कडा करपलेल्या.

"मिश्रण एकच आहे," मेघना म्हणाली. "पातळ पट्टीत शांतपणे पकलं, बादलीत ढिगानं ठेवलं म्हणून जळलं. भास्करचं माप बरोबर होतं."

शेठ म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये दोन्ही शक्यता लिहू या."

"दोन नाहीत, सर. एकच आहे."

"म्हणजे चूक माझी, असं लिहिणार?"

मेघनानं पेन उघडलं. मी म्हटलं, "शेठ, चूक बादलीची लिवा. तिला पाहुण्यांची वाट बघता आली न्हाई."

तपासणीस खोकल्याचं सोंग करून हसला. तो हसला नसता तर पुढं काय झालं असतं ठाऊक नाही. गिऱ्हाइकासमोर शेठना माघार घ्यावी लागली. शेवटी रिपोर्टात कारण लिहिलं गेलं: 'मिश्रणाचा प्रतीक्षाकाळ वाहतुकीमुळे वाढला.' म्हणजे दोष चाकणच्या चौकाला. त्या चौकानं आजवर एवढं सोसलंय, त्यानं हेही घेतलं. भास्करचं नाव सुटलं आणि दवाखाना कंपनीनं केला. मी त्याला जाऊन सांगितलं, तर त्यानं एवढंच विचारलं, "नेहमीएवढी भरली का ताकद?"

"जास्त भरली."

तो भिंतीकडून इकडं वळला.

आमच्याकडं अपघातातून धडा घेतात असं म्हणतात. आम्हीही घेतला. काही दिवसांनी त्याच खोलीचं उद्घाटन पुन्हा ठेवलं, तेच साहेब, नवी काच, नवी रिबन. या वेळी शेठ मला म्हणाले, "मावशी, रिस्क नको. बादलीत पाहुण्यांसाठी वेगळं काहीतरी करा." मी मैद्याची खळ शिजवली, त्यात ग्राफाइट घोटलं. गुठळी होऊ दिली नाही. साहेबांनी ती साच्यात ओतली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. साहेबांनी बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "व्हेरी स्मूथ." त्या फोटोवर कारखान्याला बरीच कामं मिळाली असं ऐकते. साच्यातली खळ मी दुसऱ्या दिवशी खरवडून काढली, तिला मुंग्या लागल्या होत्या.

मेघना पुढं दुसरीकडं गेली. रिपोर्टात चौकाचं नाव घालून सही केली, ते तिला शेवटपर्यंत टोचत राहिलं. मी म्हणायची, माणूस वाचला ना, चौकाचं काय जातंय. ती म्हणायची, मावशी, पुढच्या बादलीचं काय? तिचं बरोबर होतं. भिंतीवरचा नियम अजून तिथंच आहे, आणि आता त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय. भास्कर त्याच कंपनीत आहे. एका पायानं थोडा ओढत चालतो, आणि छोट्या डब्यातच घोटतो, कुणी का येईना.

त्या खोलीच्या दाराशी पितळी पाटी आहे. वर साहेबांचं नाव, खाली शेठचं. बादली पेटली तेव्हा दोघंही बाहेर होते. आत होतो ते भास्कर, मेघना आणि मी सुलोचना. तिघंही जगलो.